काकतीला कसं जायचं

फणसाचे जेवढे उपयोग आमच्या थोरल्या डॉक्टरांना ठाऊक होते, तेवढे तो निर्माण करणाऱ्यालाही ठाऊक नसतील. स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. बेळगावच्या इस्पितळात आम्ही नवे डॉक्टर रुजू झालो, त्या पहिल्याच सकाळी त्यांनी टेबलावर कच्चा फणस आडवा निजवला आणि आमच्या हातात गोणपाट शिवायचा दाभण दिला. मणक्यांमधून सुईने पाणी काढायचे, तर सुई कुठे अडते आणि कुठे एकदम सैल पडते हे बोटांना कळले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. "डोळं मिटा. बोटांस्नी बघू द्या," एवढाच उपदेश. आठवडाभर आम्ही फणस भोसकले आणि संध्याकाळी त्यांचीच भाजी खाल्ली. सगळ्यात जास्त भोके माझ्या फणसाला असत.

खऱ्या रोग्यापाशी नियम वेगळा. त्याला कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजवायचे आणि सुई घालताना त्याच्या गावाची वाट विचारायची. वाट सांगणारा माणूस अंग आखडत नाही म्हणे. कंग्राळीच्या एका शेतकऱ्याला मी इतके खोदून विचारले, की बरा झाल्यावर एका रविवारी तो घरी स्वयंपाक करवून बसला. दुपारी त्याचा भाऊ इस्पितळाच्या दारात हजर. "डाक्तर अजून कसं आलं न्हाईत?" थोरले डॉक्टर मलाच रागावले आणि माझ्याआधी टांग्यात जाऊन बसले.

पुढे एका उन्हाळ्यात तेच तापाने पडले. मान ताठ झाली, म्हणजे मेंदूच्या तापाची शंका. पाठीतले पाणी गढूळ निघाले, तर त्या काळी माणूस बहुधा हातचा जायचा. सुई कुणी धरायची, यावर त्यांनी माझ्याकडे बोट केले. "ह्यानं लई फणस नासल्यात. आता न्हाय चुकायचा."

एवढा दांडगा माणूस कुशीवर एवढासा होऊन पडला होता. मी घाबरलो होतो. वाट विचारायचीच विसरलो.

"वाट इचार की रं," तेच म्हणाले.

"सर, काकतीला कसं जायचं?"

ते त्यांचे गाव. सांगता सांगता त्यांनी ओढा ओलांडला, ते चिंचेपाशी डावीकडे वळले, आणि सुई सैल पडली. नळीत थेंब आला.

"कसं हाय?"

"नितळ आहे, सर."

मग म्हणाले, "जरा खालीच टोचलास."

चार दिवसांत ताप उतरला आणि नव्या डॉक्टरांसाठी नवा फणस आला.

आता ते नाहीत. नव्या डॉक्टरांना मीच शिकवतो, फणसासकट. काकतीची वाट मात्र मला त्या चिंचेपर्यंतच ठाऊक आहे. पुढची त्यांना विचारायची राहून गेली.