आप्पा डॉक्टरांचा शब्द

आमचे आप्पा डॉक्टर रोग्याला काहीही सांगून झालं की शेवटी एक वाक्य जोडायचे, "आज तरी मले एवढंच मालूम आहे." साधं खरजेचं मलम दिलं तरी हे शेपूट ठरलेलं. वाशीमच्या त्यांच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो आणि हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं. अहो, माणूस गाडी जुंपून लांबून येतो तो खात्रीचा शब्द ऐकायला. त्याला हे असलं ऐकवल्यावर तो दुसऱ्या डॉक्टरकडे जाणार नाही तर काय करणार? जातही असत. आप्पांना त्याचं काही वाटत नसे.

पहिल्यापासून मात्र ते असे नव्हते. मी कामाला लागलो तेव्हा आप्पांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. त्यात क्षयाचं नाव निघालं की ते जास्तच कडक होत. बाजाराच्या दिवशी गावोगाव जायचे आणि पारावर उभे राहून सांगायचे, रोग्याचं ताट वेगळं, खाट वेगळी, लेकराला जवळ फिरकू द्यायचं नाही, माणूस गेला तर त्याचं सगळं जाळून टाकायचं. "माया करा, पण धुऱ्यावरून करा," हे त्यांचं आवडतं वाक्य; धुरा म्हणजे शेताचा बांध. स्वतः शेतकऱ्याच्या घरचे, बोलणं लोकांसारखंच, म्हणून लोकांनी ते मनावर घेतलं. त्यामुळे किती घरं वाचली, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

जऊळक्याची गोदा त्याच सुमारास आली. खोकला, अंगात मुरलेला ताप, हाडांची काडी झालेली. आप्पांनी क्षय सांगितला आणि तिचा नवरा किसन याने लगेच शेतात तिच्यासाठी खोप घातली. चांगला माणूस होता किसन. रोज स्वतः भाकर नेऊन धुऱ्यावर ठेवायचा. त्यांची वच्छी तेव्हा फार लहान होती. ती धुऱ्याच्या अलीकडे बसून आईशी मोठमोठ्याने गप्पा मारायची.

स्ट्रेप्टोमायसिनच्या सुया मीच टोचल्या, गोळ्याही दिल्या. बाकीचे रोगी अंग धरू लागले, पण गोदा काही केल्या सुधारेना. तिची थुंकी नागपूरला तपासायला पाठवली, तर निरोप आला की नमुना खराब झालाय, भलतेच पिवळे जंतू वाढलेत, दुसरा पाठवा. दुसऱ्याचीही तीच कथा. बाटली नीट उकळत नाहीस म्हणून आप्पा माझ्यावर खेकसले. मी उकळत होतो हो! पण तेव्हा माझं कोण ऐकतो?

पुढे नागपुरात छातीच्या रोगांवर डॉक्टरांचा परिसंवाद भरला. बॅग धरायला म्हणून मीही गेलो. विषय होता, क्षयासारखाच आजार करणारे पण क्षयाचे नसलेले जंतू. इंग्रजी माझ्या डोक्यावरून जात होतं, म्हणून आप्पा शेजारून मराठीत कुजबुजत होते. परदेशातून शिकून आलेले एक डॉक्टर पडद्यावर काचेच्या नळ्या दाखवू लागले. आत वाढलेले जंतू उजेडात ठेवले की पिवळे होतात, म्हणाले. आप्पांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"गोदा," एवढंच ते म्हणाले.

मग उभे राहून त्यांनी औषध विचारलं. नेहमीची औषधं फारशी लागू पडत नाहीत आणि नवं अजून हाती नाही, असं उत्तर आलं. आप्पांनी विचारलं, घरच्यांना लागण होते का? एकाचा आजार दुसऱ्याला झाल्याचं आजवर तरी दिसलेलं नाही, असं ते डॉक्टर म्हणाले. तोवर चहाची वेळ झाली होती आणि लोक उठू लागले होते. आप्पा तसेच उभे राहिले.

अकोल्याला आम्ही गाडी बदलली. मग आप्पा म्हणाले, "नारायण, वाचवता त येत नाही तिले. पण तिचं लेकरू तिले देता येते."

वाशीमला न जाता आम्ही थेट जऊळक्याला गेलो, ते सरळ किसनच्या शेतात. आप्पांनी घरच्यांना, शेजाऱ्यांना बोलावून घेतलं. हा रोग वेगळा आहे, पसरत नाही, हिला घरी न्या, असं परोपरीने सांगितलं. कोणी हललं नाही. शेवटी आप्पांनी काय करावं? गोदाच्या ताटातली उरलेली भाकर सगळ्यांसमोर खाल्ली. गोदाची सासू हात जोडून म्हणाली, "तुमचं बरं आहे डाक्टरसाब. तुमी सुई टोचून आले असान." हसावं की रडावं कळेना.

आप्पांनी मग स्वतः वच्छीचा हात धरून तिला खोपीकडे नेलं. पोरगी हरखून पळतच सुटली. तर गोदाच मागे सरकली, पार कुडाला टेकली आणि तोंडावर पदर धरला.

"तुमीच त सांगतलं होतं," ती म्हणाली. "लेकराले जोळ घेऊ नोको म्हून. आता कायले घ्याले लावता?"

आप्पांनी पुष्कळ समजावलं. त्यानंतरही कितीदा तरी गेले. पण तिने पोरीला शिवू दिलं नाही. आमच्याच शब्दाने तिने आपलं लेकरू जपलं होतं, तो शब्द ती सोडायला तयार नव्हती. त्या दिवसापासून आप्पांच्या तोंडी ते शेपूट आलं.

उन्हाळ्यात गोदा गेली. आम्ही पोहोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. वच्छी धुऱ्यावर तिच्या नेहमीच्या जागी बसली होती. आप्पांना बघून उठली आणि म्हणाली, "डाक्टरसाब, आता जाऊ का मी मायजोळ?"

खोप सकाळीच जाळून टाकली होती. तेही आम्हीच सांगितलेलं होतं.