गणपतीच्या मांडवातले सरकारी उंदीर

इतकी वर्षे लोटली, पण ते प्रकरण आठवले की आधी हसू येते आणि मग छाती फुगते. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती, देवासला मी ठाणेदार होतो. गणेशोत्सवाचा बंदोबस्त चालू असताना एका कॉलेजातल्या संशोधक डॉक्टरबाई फिर्याद घेऊन आल्या. माणसाचा मधुमेह समजून घेण्यासाठी त्यांनी पांढऱ्या उंदरांमध्ये तोच आजार तयार केला होता. त्याला दिल्लीचे अनुदान होते, पाहणीची समिती येऊ घातली होती, आणि नेमके आजारी उंदीर चोरीला गेले होते.

"साहेब, प्राचार्य सगळीकडे सांगताहेत की उंदरांना आजार झालाच नव्हता. अनुदान खाऊन मीच उंदीर नाहीसे केले म्हणे," बाईंचे डोळे भरून आले.

गावानेही ते लगेच खरे मानले. उंदरांची चोरी कुणाला पटेना, बाईने पैसे खाल्ले हे मात्र सर्वांना पटले. मला भयंकर राग आला.

अशा उंदरांना बाई 'आजाराचे मॉडेल' म्हणत. आमच्या माळवी हवालदाराला मॉडेल म्हणजे मातीची मूर्ती वाटली, आणि पठ्ठ्या गणपतीचे मांडव तपासत सुटला.

"साब, मॉडल तो नी मिल्यो," परत येऊन तो म्हणाला, "पण झांकी में धोळा ऊंदरा फिरी रिया हे."

तो मांडव एका कारखान्यातल्या मराठी कामगारांच्या मंडळाचा. झांकीत, म्हणजे देखाव्यात, गणपतीच्या पायाशी जिवंत पांढरे उंदीर, आणि भाविक त्यांना पेढे चारत होते! बाईंनी ओळखीसाठी शेपटीवर केलेल्या खुणा गुलालात बुडाल्या होत्या. मंडळाचा चिटणीस नुकताच कॉलेजात विजेचे काम करून आला होता. त्याला ठाण्यात आणले.

"इंदूरहून विकत आणले, साहेब. बाप्पाची शपथ!"

न विचारता शपथ घेणारा माणूस बहुधा खोटे बोलतो. पण पुरावा हवा होता, तो बाईंनी दिला. मांडवातल्या उंदरांचे मूत त्यांनी ठाण्याच्या अंगणात एका बाजूला ओतले, प्रयोगशाळेतल्या निरोगी उंदरांचे दुसऱ्या बाजूला. पंच म्हणून मी मुद्दाम प्राचार्यांना बोलावले होते. थोड्याच वेळात पहिल्या डागाला मुंग्या लागल्या. दुसऱ्याकडे एकही फिरकली नाही.

"पेढ्यांची साखर असेल ती," चिटणीस पुटपुटला.

"निरोगी उंदरांनाही मी पेढेच चारलेत. साखर मुतात उतरते ती मधुमेहाने," बाई शांतपणे म्हणाल्या.

चिटणीसाने हात जोडले. "बाप्पाचं वाहन पिंजऱ्यात कोंडलेलं बघवलं नाही, भिया… म्हणजे, साहेब. अन् झांकीच्या स्पर्धेत पहिला नंबरही पाहिजे होता."

पंचनामा झाला. प्राचार्यांनी खाली सही केली. न्यायालयाच्या हुकमाने उंदीर बाईंना परत मिळाले आणि समितीने ते गुलालासकट पाहिले. अनुदान पुढे चालू राहिले. ठाण्यात आम्ही पेढे वाटले.

अफवेशी वाद घालण्यात अर्थ नसतो, हे मी तेव्हा शिकलो. अफवा पसरवणाऱ्यालाच पंच करावे. समितीने विचारले, "उंदीर खरोखर आजारी होते, हे कोण सांगणार?" तेव्हा साऱ्या कॉलेजसमोर प्राचार्यांनाच उठून म्हणावे लागले, "मी. मी डोळ्यांनी पाहिलंय."