काकांना न हसवणारी बाई

"दाखवा, विनोद कुठी हाये?" काका तळहात पुढे करून विचारायचे. बडनेऱ्याला रेल्वेत त्यांची तिकीट तपासनीस म्हणून नोकरी झालेली. निवृत्तीनंतरही हात तसाच पुढे यायचा. आमच्या अमरावतीच्या फिल्म क्लबात हॉलीवूडच्या एका जुन्या विनोदी नटीचा सिनेमा लागला, की हमखास.

या बाईला जगभरच्या समीक्षकांनी डोक्यावर घेतलेलं. क्लब चालवणारे आमचे सर सिनेमाआधी तिच्या टायमिंगवर भरभरून बोलत. मग सभागृह हसे आणि काका हाताची घडी घालून बसत.

"बाई देखनी हाये, पन हासू काहून येईन? पडाच्या आधीच तिले माहीत असते, का आपन पडनार हाओ."

"अहो, थोर अभिनेत्री आहे ती!" सर चिडत.

"असन. पुस्तकात थोर असन. मले हासू येऊन नाही राहिलं."

सगळे हसताना एकटाच न हसणारा माणूस तुम्हीही पाहिला असेल. आपण त्याला खडूस म्हणून मोकळे होतो. मीही झालो होतो.

पुढे काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पडून पडून त्या कावल्या होत्या, म्हणून मी त्यांना याच नटीचा सिनेमा लावून दिला. बाई जिन्यावरून घसरली, शेजारी बसलेल्या काकांच्या कपाळावर आठ्या चढल्या आणि काकू डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

"यात काय हाये हासाचं?" काका ओरडले. काकू आणखीच हसल्या.

पुढच्या रविवारी काकांनी सरांची नजर चुकवून मला गाठलं. "त्या बाईचे अजून कोनते हायेत?"

"तुम्हाला आवडत नाही ना?"

"मले नाही. घरी लागते."

एकेक करून सगळे सिनेमे त्यांनी नेले. प्रत्येक पूर्ण पाहिला, प्रत्येकावर तणतणले. मत काही बदललं नाही.

काका गेले. काकू मुलीकडे अकोल्याला, जुन्या शहरात राहायला गेल्या. मी भेटायला गेलो तर टीव्हीवर तीच बाई.

"तुम्हाला फार आवडते ही," मी म्हणालो.

"कोन म्हनते? मले कुठी हासू येते तिचं! हे तनतनत ना, त्यायचं तोंड पाहून हासो मी."

"मग काकांना सांगायचं. दोघांचं एकमतच होतं की!"

"वा! मंग भांडाले काय राहिलं असतं?"

पडद्यावर बाई मेजवानीत शिरली. काकूंनी रिमोट उचलून सिनेमा थांबवला.

"इथं ते रागानं उठून पानी प्याले जात," त्या म्हणाल्या.

स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत त्या थोडा वेळ तशाच बसल्या. मग सिनेमा पुढे सुरू केला.