वाटून खाल्लेली गोळी

चहा हातात आहे तोवर सांगून टाकते. हसायचं तर हसा, पण कप सांभाळा. स्वतःचं औषध अर्ध्या गल्लीला वाटून, स्वतः उसाच्या सरीत आडवी झालेली बाई तुम्ही पाहिली नसेल. पाहून घ्या, समोरच बसली आहे.

मी पहिल्यापासून भरभक्कम. पुढं साखर आली, गुडघे गेले, तेव्हा सांगलीच्या डॉक्टरांनी ऑपरेशन करून माझं पोट लहान केलं. घरच्यांशिवाय कुणाला सांगितलं नाही. ‘पोट कापून बारीक झालेली मंगल’ हे नाव मला मरेपर्यंत चिकटलं असतं. गावात सांगितलं, माधवनगरला मावसबहिणीकडे राहायला चालले.

दवाखान्यातून निघताना डॉक्टर म्हणाले, “ताई, आता जेवण थोडं जाणार. तेवढ्यातून जीवनसत्त्वं पुरत नाहीत. ही चघळायची गोळी रोज, कायमची. लोहाची आणि कॅल्शियमची वेगवेगळ्या वेळी. चहाबरोबर लोह घ्यायचं नाही. आणि सांगेन तेव्हा रक्त तपासायला यायचं.”

मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कोण धरणार?

आमच्याकडे बायका रानातलं तण काढायला, भांगलायला, पैऱ्यानं जातात. म्हणजे आज सगळ्याजणी तुझ्या रानात, उद्या माझ्या. दुपारी बांधावर सगळ्यांची फडकी एकदम सुटतात. एकीची भाकरी, दुसरीचा खर्डा, तिसरीची मेथी. कोण कुणाचं खातंय, पत्ता नसतो. खरं सांगू? दवाखान्यात पडल्या पडल्या मला घर नाही आठवलं, तो बांध आठवला.

गुडघे जरा हलके झाल्यावर मी मोठ्या हौसेनं भांगलायला गेले. दुपारी बसले, चार घास घेतले आणि पोट गच्च. शेजारच्या रानातली सुशाक्का माझी जन्माची मैत्रीण. ती बघतच राहिली.

“झालं? आगं, चिमनी बरी तुझ्यापरास.”

“भूकच न्हाई गं.”

“माधवनगरचं पानी लागलं जनू. आमची खर्डा-भाकरी आता गोड लागंना व्हय.”

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण त्या घोळक्यात रिकाम्या हातानं बसणं किती अवघड असतं, ते कसं सांगू? मग आपलं काहीतरी करावं म्हणून पिशवीतली चघळायची गोळी काढून तोंडात टाकली. संत्र्याचा वास सुटला.

“एकटीच काय खातीस गं?” सुशाक्का म्हणाली.

एकटीच! त्या बांधावर आजवर कुणी एकटीनं काही खाल्लं नव्हतं. मी अख्खी पट्टी पुढं केली. “घ्या की.”

“ह्येच खाऊन बारीक झालीस व्हय?”

इथं ‘नाही’ म्हणायचं होतं. एवढा साधा शब्द. मी म्हणाले, “व्हय... तसंच कायतरी.”

झालं. दुसऱ्या दिवसापासून भाकरीच्या आधी हात पुढं यायला लागले. चघळायच्या संपल्या की लोहाच्या, त्या संपल्या की कॅल्शियमच्या. घरी आमचे हे विचारायचे, “गोळ्या जातात ना वेळेवर?” मी म्हणायची, “जातात की.” खोटं कुठं होतं? जातच होत्या.

आणि गंमत बघा. बारीक व्हायची गोळी मिळाली म्हटल्यावर बायका बिनघोर जेवायला लागल्या. “खा गं, गोळी हाय की,” म्हणत एकेक भाकरी वाढली. थोड्या दिवसांनी सुशाक्का मला बाजूला घेऊन म्हणाली, “मंगल, तुझी गोळी माज्यावर उलटी चालती का गं? बांगड्या शिरंनात.”

“सुरुवातीला व्हतं तसं,” मी म्हणाले.

इकडे माझे केस कंगव्यात यायला लागले. जीभ सोललेली, बोटांना मुंग्या, दोन सऱ्या झाल्या की धाप. पण बांधावर मी पट्टी काढली की सगळ्या माझ्याकडे सरकून बसायच्या. तेवढ्यासाठी मी रोज पट्टी काढत होते.

एक दिवस डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी सरीतच पडले. बायकांनी मला टेंपोत घातलं आणि सगळ्याजणी सांगलीला आल्या. डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि कपाळाला हात लावला.

“ताई, गोळ्या जातात कुठं? रक्तात तर पोचलेल्या दिसत नाहीत.”

दारातून सुशाक्का बोलली, “आवं, त्या आमी खातो की. पर आमीच जाड व्हाय लागलोय, तेवडं बगा.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. एकाचं औषध दुसऱ्यानं खायचं नसतं, म्हणून सगळ्यांना ओळीनं बोलले. मग माझ्याकडं वळले. ऑपरेशनचं मीच सांगायचं होतं. सांगितलं. खाली मान घालून, सगळं.

सुशाक्का दारातून आत येऊन माझ्या खाटेवर बसली. मग म्हणाली, “म्हंजी आमचं जेवान तुला गोड लागत न्हाई, असं न्हाई?”

“लय गोड लागतं गं,” मी म्हणाले. “मावत न्हाई.” आणि मला रडूच फुटलं.

“मग बोलायचं न्हाई व्हय? आमी हितं रुसून बसलो, वर खाऊन खाऊन फुगलो.”

इंजेक्शनं झाली, आता गोळ्या माझ्या मीच खाते. सुशाक्का माझ्यासाठी भातुकलीतल्यासारखी तळव्याएवढी भाकरी थापून आणते. आधी उसळ खायला लावते, मग भाकरी. कधी कधी तिच्या मोठ्या भाकरीकडं माझी नजर जाते. अख्खी भाकरी मोडून खर्ड्याबरोबर खाणं आता स्वप्नातच. पण फडकं सगळ्यांबरोबर सुटतं, ते पुरतं मला.

राहिलं ते गुपित. जे लपवायला मी माधवनगर गाठलं, ते आता रोज दुपारी सुशाक्का बांधावर उभी राहून साऱ्या शिवाराला ऐकवते, “मंगे, गोळी!”

परवा तर पलीकडच्या पाटावर पाणी पाजणारा, मी कधी न पाहिलेला माणूस ओरडला, “आवं वैनी, लोहाची का कॅल्शियमची?”

मी पदर सावरला आणि गोळी वर धरून दाखवली. शाळेत पाटी दाखवायची, तशी.