पहाऱ्याची खुर्ची

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, कामावर सगळे टाकेमास्तर म्हणायचे. तीस वर्षं त्याने एकच काम केलं. श्रीमंतांच्या छोट्या विमानांतल्या खुर्च्या शिवायच्या. विमान कसलं, उडता दिवाणखानाच तो. मऊ कातडं, खाली अशी गादी की माणूस टेकला की आत रुतलाच. दादा म्हणायचा, "गिऱ्हाईक घोरायला लागलं की आपलं काम पास."

मग कारखान्यात हुकूम आला की आता ही विमानं सैन्याला जायची. त्यांना असंच हवं होतं म्हणे, छोटं, उंच जाणारं, तासन्‌तास हवेत राहणारं. विमानाच्या पोटाखाली रडारचा असा फुगवटा बसवला की ते दिवस भरलेल्या बाईसारखं दिसायला लागलं. आतले सोफे, पडदे, गालिचे उपटून दारात ढीग घातला. त्या जागी लोखंडी मांडण्या, तारांचे जुडगे आणि एका भिंतीला ओळीने चार स्क्रीन. वरून लांबलांबचं बघायचं, कुणाचं रडार कुठे चालू आहे ते कान लावून ऐकायचं, आणि वेळ पडली तर इकडून असा गोंगाट सोडायचा की त्या रडारला काही म्हणता काही दिसू नये. आता यात शिवणाऱ्याचं काय काम? सहा जणांतले चार त्याच आठवड्यात घरी बसवले. दादा पंचावन्नचा. रोज सकाळी आपली कात्री पुसायचा आणि बोलावण्याची वाट बघायचा.

बोलावलं एकदाचं. या नव्या कामावरच्या मुख्य बाई मोजकंच बोलणाऱ्या. म्हणाल्या, "स्क्रीनसमोर चार खुर्च्या हव्यात. एक करून दाखवा. जमली तर चारही तुमच्या, पुढच्या विमानांच्याही. नाही जमली तर बाहेरून तयार आणू."

दादाने जीव ओतला हो त्या खुर्चीत. सायीच्या रंगाचं कातडं, दुहेरी शिलाई, गादी तर लोण्यासारखी. त्याला वाटलं, झालं काम.

विमान चाचणीला गेलं. खुर्चीत बसली होती एक तरणी मुलगी. ती कानाला यंत्र लावून ऐकायचं काम करायची, म्हणून तिला सगळे कानवाली म्हणायचे. खाली उतरली ती लालबुंद होऊन.

"काका, नोकरी घालवाल माझी. अकरा मिनिटं झोपले मी. साहेबांनी खांदा हलवला तेव्हा जाग आली."

मुख्य बाई म्हणाल्या, "मास्तर, पहारेकऱ्याला अंगाई गायलीत तुम्ही." हसल्या नाहीत. "आठ दिवस देते. शेवटचे."

दादा घरी आला तो तोंड पाडून. वहिनीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही स्वतः बसलात का त्या खुर्चीत?"

"बसतो की. प्रत्येक खुर्चीत बसून बघतो."

"किती वेळ?"

"दोन मिनिटं."

"आणि ती पोरगी दिवसभर बसते. धन्य आहे तुमची."

दादाला लागलं ते. दुसऱ्या दिवशी त्याने कानवालीला गाठलं. ती म्हणाली, विमान उभंच आहे, या. तिने त्याला खुर्चीत बसवलं, कानाला यंत्र लावलं, समोर स्क्रीन चालू केला आणि दम दिला, "हिरवा ठिपका दिसला की बटण दाबायचं. आठ तास. उठायचं नाही."

पहिला तास मजेत गेला. मग डोळे मिटायला लागले. तिसऱ्या तासाला मांड्या बधिर, कारण गादीची पुढची कड रुतत होती. पाचव्याला कमरेची वाट लागली. आणि स्क्रीनच्या काचेत बघतो तर ठिपका राहिला बाजूला, ते पांढरं कातडंच चमकतंय. दादाच्या खिशात शिंप्याचा खडू कायमचा. जिथे दुखेल तिथे त्याने आपल्याच कपड्यांवर रेघ मारली. संध्याकाळी उतरला तर पँट, सदरा, सगळीकडे रेघाच रेघा.

कानवाली म्हणाली, "काका, आता तुम्हालाच कापून शिवा."

त्या रेघा बघत बघतच त्याने दुसरी खुर्ची केली. गादी टणक, वर पातळ थर मऊ. पुढची कड उतरती. पाठ कमरेला धरून ठेवणारी, पण मागे कलंडू न देणारी. कातडं नाहीच, काळपट जाडं कापड. शेजारचा शिवणारा म्हणाला, "दातांच्या डॉक्टरकडची उचलून आणलीस का?" दादाला पण ती कुरूपच वाटत होती, खोटं कशाला बोलू.

विमान सकाळी गेलं. सात तास. दादा तोवर एक जुना पडदा उसवत बसला, कुणी सांगितलं नव्हतं तरी. दुपारी विमान टेकलं. कानवाली शिडीवरून उतरली आणि सरळ मुख्य बाईंकडे गेली. दुसरा स्क्रीन अडकतो, कानात एक बारीक गुणगुण येते, लांबचं रडार मात्र छान सापडलं, असं बोलतच राहिली. खुर्चीचं नाव नाही. दादाला वाटलं, माझ्यासमोर वाईट बोलवत नसेल पोरीला.

शेवटी बाईंनीच विचारलं, "आणि खुर्ची?"

मुलगी थांबली. "खुर्ची? हो की, आज नवी होती ना. माझं लक्षच गेलं नाही."

बाईंनी वळून दादाकडे बघितलं. "ऐकलंत? तीन राहिल्या, मास्तर. सोमवारपर्यंत होतील?"

"शनिवारीच घ्या," दादा म्हणाला. मग बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरून कितीतरी वेळ उभा राहिला. ओल्या हातानेच वहिनीला फोन लावला आणि नुसतं "अगं" म्हणाला. तिला तेवढ्यावरूनच कळलं. म्हणाली, "बरं झालं बाई. आता सावकाश या, धावत येऊ नका."