लाल म्हणजे अंधारच

फोटोवाल्यांनी आयुष्यात कोणावर पटकन विश्वास ठेवला नाही, आणि याचा त्यांना उलट अभिमानच होता. दुकान चालू होतं तेव्हा पासपोर्टचा फोटो काढायला आलेल्या माणसालाही ते आधी आपादमस्तक न्याहाळायचे आणि मगच स्टुलावर बसवायचे. फोटोत जो जास्त हसतो तो काहीतरी लपवतो, असं त्यांचं ठाम मत होतं. बायको म्हणायची, "तुम्ही एक दिवस स्वतःच्या सावलीचीही उलटतपासणी घ्याल." पुढे ती गेली. मग घरोघरी मोबाइल आले आणि दुकानही गेलं. उरली ती फक्त घरातली डार्करूम.

डार्करूम म्हणजे स्वयंपाकघरामागची अडगळीची खोली. खिडकीच्या काचेला काळा रंग, दाराच्या फटीला रबराची पट्टी, कोपऱ्यात फोटो मोठा करायचं एन्लार्जर आणि छताला लाल बल्ब. प्रिंट काढून वर्षं लोटली होती. तरी फोटोवाले रोज दुपारी आत जायचे, ट्रे पुसायचे, बल्ब लावून बसायचे. बाकी घरात ते कोणाच्या खिजगणतीत नव्हते, निदान त्यांना तरी तसं वाटायचं. इथे मात्र त्यांचं राज्य होतं.

आणि सूनबाईने नेमकी तीच खोली मागितली.

सूनबाई शाळेत जीवशास्त्र शिकवायची आणि रविवारी हौशी लोकांच्या एका प्रयोगशाळेत जायची. तिथे एक घड्याळ दुरुस्त करणारा, एक परिचारिका, एक निवृत्त टपालवाला असे लोक जमून जिवाणू वाढवायचे. मुलगा कौतुकाने ऐकायचा. फोटोवाल्यांना पहिल्यापासून यात काहीतरी पाणी मुरतंय असं वाटायचं. पोटापाण्याचा धंदा सोडून लोक फुकट जंतू का पाळतील?

"बाबा, थोडेच दिवस हवी आहे," जेवताना ती म्हणाली. "शेवाळासारख्या एका जिवात प्रकाश ओळखणारं प्रथिन असतं. ते या जिवाणूंमध्ये घातलंय. उजेड पडला तर ते फिके राहतात, अंधारात काळे होतात. म्हणजे थाळीवर चक्क फोटो उमटतो! पण आधी पूर्ण अंधारात पूर्ण काळी थाळी यायला हवी. ती आली की मग चित्र."

"जंतूंचा फोटो?"

"जंतूंनी काढलेला फोटो. आमच्या प्रयोगशाळेच्या मंडळाने परवानगी काढून ते दिलेत, कोणाला काही अपाय नाही. फक्त आत उजेड करायचा नाही."

फोटोवाल्यांनी तोंडदेखलं हो म्हटलं. सुनेने दाराला कुलूप लावायचं ठरवलं, तेव्हा तर त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकलीच. आज कुलूप, उद्या सामान, परवा एन्लार्जर भंगारात आणि म्हातारा हॉलमधल्या दिवाणावर. "दुसरी किल्ली होती ना?" तिने विचारलं. "ती कधीच हरवली," ते म्हणाले. किल्ली तेव्हा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होती.

सून सकाळी थाळी उबेच्या पेटीत ठेवून शाळेत गेली, मुलगा कामावर गेला, आणि फोटोवाले चोरपावलांनी आत शिरले. एन्लार्जर जागेवर होतं. टेबलावर काचेच्या झाकणाची पेटी होती, तिच्यात एक पातळ थाळी. त्यांनी लाल बल्ब लावला. शब्द मोडायचा त्यांचा मुळीच विचार नव्हता. उजेड करू नका म्हणाली होती, त्यांनी कुठे उजेड केला? चाळीस वर्षं त्यांनी याच लाल दिव्याखाली काम केलं होतं. फोटोच्या कागदाला लाल रंग दिसतच नाही. त्यांच्या धंद्यात लाल म्हणजे अंधारच. ते स्टुलावर बसून राहिले, पेटीवर डोळा ठेवून, पार ती यायच्या वेळेपर्यंत.

संध्याकाळी सून बाहेर आली ती तोंड पाडून. थाळी दह्यासारखी फिकी. दुसऱ्यांदाही तेच झालं. फोटोवाल्यांना मनातून बरंच वाटलं. प्रयोग फसला तर खोली परत. पण त्याच संध्याकाळी ती फोनवर कोणाशी तरी बोलत होती आणि ते भिंतीआडून कानोसा घेत होते. "हो, ते जुनं सगळं फेकूनच देते," ती म्हणत होती. "उगाच जागा अडवून बसलंय."

जुनं म्हणजे कोण आणि काय, हे त्यांना विचारावंसंही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी ते आणखी लवकर आत गेले, पहारा द्यायलाच. किल्ली खिशातून पडायला नको म्हणून समोरच्या पेटीच्या काचेवर ठेवली आणि बसले. बसल्या बसल्या डोळा लागला. दुपार कलल्यावर दचकून उठले, किल्ली उचलली, बल्ब बंद केला, कुलूप लावलं. कोणाला काही कळायचं कारण नव्हतं.

संध्याकाळी सुनेने थाळी आणून जेवणाच्या टेबलावर ठेवली. मुलगा वाकून बघायला लागला. फिक्या थाळीच्या मधोमध एक काळी आकृती होती. गोल डोकं, लांब दांडी, टोकाला दोन दात. कडा थोड्या पसरलेल्या, पण किल्ली ती किल्लीच.

फोटोवाल्यांना समजायला क्षणही लागला नाही. वस्तू ठेवायची, वरून दिवा सोडायचा, खाली तिची सावली उमटते. हा खेळ त्यांनीच मुलाला लहानपणी शिकवला होता. म्हणजे या जंतूंना लाल रंग दिसतो! त्यांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं.

"बाबा," मुलगा म्हणाला, "ही तर हरवलेली—"

"तू गप्प बस," सून म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि तेच त्यांना जास्त लागलं. "बाबा, मी रोज रडत होते हो. मला वाटलं, माझ्या हातालाच गुण नाही. कालच मंडळाला कळवलं, की ही शेवटची थाळी लावून मी सोडते म्हणून."

"तू ते जुनं फेकणार होतीस," फोटोवाले कसेबसे म्हणाले. "मी ऐकलं. माझं सामान."

"जुन्या थाळ्या! फसलेल्या! फ्रिजमध्ये जागा अडवून बसल्यात त्या." ती त्यांच्याकडे बघत राहिली. "तुमच्या एन्लार्जरला मी हात तरी लावलाय का? विचारायचं होतंत मला."

फोटोवाल्यांना लाज वाटली. खरीखुरी, पोटातून आलेली. आयुष्यभर ते लोकांच्या चेहऱ्यात लबाडी शोधत आले होते, आणि आज थाळीत सापडली ती त्यांचीच. "खोटं बोललो मी," ते म्हणाले. "किल्ली माझ्याकडेच होती. मला वाटलं, खोली गेली की मीही गेलो." त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. 'तुमच्याकडेच राहू द्या' असं सून म्हणेल, असं त्यांना वाटलं होतं. तिने ती उचलली आणि पर्समध्ये टाकली.

रविवारी सकाळी ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "मंडळाने अजून एकदा जिवाणू दिलेत. चला आत. पण बल्ब काढून ठेवलाय."

"मग दिसणार कसं?"

"नाहीच दिसणार. बसायचं नुसतं."

दार लागलं. असा ठार काळोख त्यांनी या खोलीत कधीच अनुभवला नव्हता, इतकी वर्षं लाल दिवा सोबतीला होता. सून कुठे उभी आहे तेही कळेना. मग एन्लार्जरच्या कोपऱ्यात काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. काय सरकवतेस, असं विचारायला फोटोवाल्यांनी तोंड उघडलं. शब्द अगदी ओठांवर आला होता. त्यांनी तोंड मिटलं, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि तिचं काम संपेपर्यंत तसेच बसून राहिले.