पेडगावला आलेलं मातीचं पत्र

अख्ख्या परभणी जिल्ह्यात अक्कडी भाषेत भांडू शकेल असा एकच माणूस आहे, आणि ते म्हणजे माझ्या आत्याचे थोरले दीर. अडचण एवढीच की त्या भाषेत उलटून बोलायला इथं दुसरं कुणी नाही. इराककडच्या मुलखात चार हजार वर्षांपूर्वी लोक ही भाषा बोलत आणि ओल्या मातीच्या तळहाताएवढ्या पाट्यांवर खिळ्यासारख्या खुणा दाबून लिहीत. हे दीर, माझे काका, तरुणपणी पुण्याला आणि मग जर्मनीला जाऊन ती लिपी शिकले. वडील आजारी पडले म्हणून परतले आणि नोकरीभर मानवतला इतिहासाचे तास घेत राहिले. लग्न केलं नाही. आत्या म्हणते, "त्यांचं लगीन त्या मातीशी लागलंय, आन् फरशी मला पुसावी लागती."

मी बी.ए.साठी पेडगावहून आत्याकडे परभणीला राहायला आले तेव्हा हे सगळं पहिल्यांदा पाहिलं. काकांचं म्हणणं असं, की ही लिपी वाचायची तर आधी लिहिता आली पाहिजे, आणि लिहायला माती हवी. आपली काळी माती मात्र वाळली की तडकते. म्हणून ते जातील तिथली माती आणतात. पिंगळी स्टेशनावर गाडी थांबली की लोक चहा घ्यायला उतरतात, काका ढेकळं घ्यायला. एकदा त्यांनी तयार पाटी मोठ्या अभिमानानं एका कुंभाराला दाखवली. त्यानं ती उलटसुलट पाहिली आणि अदबीनं विचारलं, "सर, ह्याच्यात पानी कुठून वतायचं?" लेखणी म्हणून काका ज्वारीचा धांडा तिरपा कापतात. एका रविवारी लिखाण रंगात आलं आणि माती संपली, तेव्हा ते सरळ स्वयंपाकघरात गेले आणि भिजवलेल्या कणकेवर लिहीत सुटले. आत्यानं त्याच कणकेच्या पोळ्या लाटल्या. काका पानावर हळहळले, "चांगली तीन वाक्यं होती गं." आत्या म्हणाली, "मंग खावा आता. पोटात तरी ऱ्हातील."

त्या काळी बहुतेकांना वाचता येत नसे, म्हणून पत्राची सुरुवातच वाचून दाखवणाऱ्याला उद्देशून असे: अमक्याला सांग, तमका असं म्हणतो. काकांना ही रीत इतकी आवडली की समोर बसलेल्या आत्यालाही ते माझ्या तोंडून निरोप देत. "तुझ्या आत्याला सांग, तिचा दीर असं म्हणतो: चहा गार झाला." आत्या तिथूनच उत्तर देई, "दिराला सांग, आत्या असं म्हंती: शेगडी मोकळीच हाय, उठा आन् गरम करून घ्या."

मला आधी हसू यायचं. पण संध्याकाळी काका मला एकेक खूण शिकवायला लागले आणि मी बसत गेले. तीन वर्षांत सत्तरेक खुणा आल्या. खुणा शेकड्यांनी आहेत.

शेवटच्या वर्षाचा निकाल लागला आणि दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, निरोप आला: घरी ये, स्थळ बघायचंय. मला पुण्याला एम.ए. करायचं होतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली, त्यामुळे ह्या बाबतीत हट्ट कसा करायचा हेही मला ठाऊक नव्हतं. मी काकांना चाचरत विचारलं, "तुम्ही दादांना एक फोन कराल का?" ते म्हणाले, "फोन नको. असल्या गोष्टी लिहून कळवाव्यात." आणि दोन दिवस खपून त्यांनी लिहिलं. मातीवर. अक्कडीत.

पत्र पुरं झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की पेडगावात ते वाचणार कोण? मग ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाटी मांडीवर धरून ते माझ्याबरोबर एसटीत बसले.

दादांनी पाटी हातात घेऊन बघितली. "पाव्हणं, तुमी सोता आलाव, मंग चिठ्ठी कशाला?"

"तोंडी सांगितलं तर तुम्ही तोंडावर नाही म्हणाल," काका म्हणाले. "पत्राला नाही म्हणायला जरा वेळ लागतो."

मग ती पाटी उजेडात तिरपी धरून त्यांनी खड्या आवाजात आधी अक्कडीत वाचली. आईनं पदर तोंडाला लावला. म्हशीनं रवंथ थांबवलं. मग मराठीत: "मुलीच्या बापाला सांग, तुझ्या बहिणीचा दीर असं म्हणतो: मला जे येतं ते ऐकायला जन्मात कुणी बसलं नाही. तुझी मुलगी बसली. तिला दोन वर्षं दे."

दादांनी पाटी परत हातात घेतली. म्हणाले, "ह्याला जबाब कसा द्यायचा?"

"त्या काळी ज्याच्यापाशी शिक्का नसे, तो मातीत नख उमटवी. ती कबुली."

दादा चरकले. बँकेत अंगठा लावताना कुणीतरी हसलं होतं, तेव्हापासून ते हट्टानं सही शिकले होते. "म्हंजी आंगठाच की."

"अंगठा नव्हे, नख. मोठमोठे लोक उमटवत."

दादांनी आपलं तुटकं नख पाहिलं, शर्टाला पुसलं, आणि पाटीच्या कडेला दाबलं. त्यांनी ती चंद्रकोरीसारखी खूण न्याहाळली आणि विचारलं, "किती दिस टिकंल हे?"

"नीट ठेवलं तर चार हजार वर्षं."

"तवर पोरगी पास व्हईल न्हवं?"

आता मी पुण्यात आहे. इतिहास घेतलाय. काकांची ती लिपी आमच्या अभ्यासात नाही, आणि मीही शोधून शिकले नाही. त्यांच्या डोळ्यांना आता बारीक खुणा दिसत नाहीत, ते बोटांनी चाचपून वाचतात, असं आत्या सांगते. परवा फोनवर मी धीर करून म्हणाले, "काका, माझं सत्तर खुणांच्या पुढं गेलंच नाही. राहूनच गेलं."



"राहू दे," ते म्हणाले. "थांबतील त्या. त्यांना सवय आहे."

आणि मग त्यांनी विचारलं, मेसमध्ये ज्वारीची भाकरी मिळते का.